थकवा नेमका कुठे येतो?

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचा संपादित भाग)

बाजारातून भाजीने भरलेली पिशवी घेऊन आपण निघतो. पहिल्या वळणापर्यंत तिचे काही वाटत नाही. दुसऱ्या वळणाशी बोटे ओढल्यासारखी होतात, जिन्यापाशी आपण हात बदलतो आणि तिसऱ्या मजल्यावर पोहोचेपर्यंत पिशवी कधी एकदा खाली ठेवतो असे होऊन जाते. पिशवीचे वजन बाजारात होते तेवढेच आहे, हातही तोच आहे. मग या दहा मिनिटांत बदलले काय?

कोणालाही विचारा, उत्तर ठरलेले असते. ‘हातातली ताकद संपली.’ बॅटरीतले सेल उतरावेत तशी. थोडे वाचलेला माणूस असेल तर तो म्हणेल, ‘स्नायूंत लॅक्टिक आम्ल साचले.’ मी वैद्यकीय महाविद्यालयात शरीरक्रियाशास्त्र शिकवते. दरवर्षी पहिल्या वर्षाचे विद्यार्थी मला हीच दोन उत्तरे देतात. दोन्ही उत्तरे अपुरी आहेत. आणि हा केवळ पुस्तकी वाद नाही. ताकद संपली असे एकदा मानले, की लवकर थकणारा माणूस कमकुवत तरी ठरतो, नाहीतर आळशी तरी. शेतात, कारखान्यात, स्वयंपाकघरात हा शिक्का माणसांवर रोज बसतो. म्हणून थकवा नेमका कुठे येतो, हे जरा सावकाश पाहू.

आधी ‘ताकद संपली’ याचा विचार करू. स्नायूंचे रोकड इंधन म्हणजे एटीपी नावाचा रेणू. स्नायूंच्या तंतूत प्रथिनांचे दोन प्रकारचे धागे असतात, जाड आणि बारीक. जाड धाग्यांना असंख्य छोटे आकडे असतात. ते बारीक धाग्यांना पकडतात, ओढतात, सोडतात आणि पुन्हा पकडतात. स्नायू आखडतो तो असा. यात गंमत अशी, की एटीपी लागते ते आकड्याने पकड सोडावी म्हणून. मृत्यूनंतर काही तासांत शरीर ताठ होते, ते एटीपी संपल्यामुळे. सगळे आकडे पकडलेल्या जागीच अडकून बसतात. तेव्हा जिवंत माणसाच्या हातातले एटीपी खरोखरच संपले असते, तर पिशवी हातातून सुटली नसती. उलट मूठ तिच्यावर घट्ट आवळून राहिली असती. तसे कधी होत नाही. ‘आता एक पाऊलही टाकवत नाही’ असे माणूस म्हणतो, तेव्हाही त्याच्या स्नायूंतले बरेचसे एटीपी शिल्लक असते. म्हणजे साठा संपण्याच्या पुष्कळ आधी काहीतरी आपल्याला थांबवते.

हे ‘काहीतरी’ शोधायचे तर हालचालीचा हुकूम कुठून कुठे जातो ते माहीत हवे. मेंदूच्या वरच्या थरात, कानाच्या वर साधारण हेअरबँड बसतो त्या पट्ट्यात, हुकूम सुटतो. तो पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूत उतरतो. तिथल्या चेतापेशी तो घेतात आणि आपल्या लांब तंतूंमधून स्नायूंकडे पाठवतात. हा प्रवास सेकंदाला सुमारे ५० मीटर इतक्या वेगाने होतो. चेतातंतू आणि स्नायू जिथे भेटतात तिथे एक बारीक फट असते. ती ओलांडताना विजेच्या संदेशाचे रसायन होते, त्याचे नाव ॲसिटिलकोलीन. पलीकडे पुन्हा वीज तयार होते आणि ती स्नायुतंतूवरून पसरते. इथे मात्र वेग उतरून सेकंदाला चारेक मीटर होतो. ही वीज तंतूच्या आतल्या कोठारांतून कॅल्शियम बाहेर सोडते, आणि कॅल्शियम आले की आकडे ओढू लागतात. थकवा या साखळीच्या कोणत्याही कडीत येऊ शकतो.

एक चेतापेशी एकाच तंतूला हुकूम देत नाही; तिच्या हाताखाली तंतूंची एक तुकडी असते. डोळा हलवणाऱ्या स्नायूंत ही तुकडी दहा-वीस तंतूंची, तर पोटरीत हजार-दोन हजारांचीही असते. हलके काम असेल तर आधी छोट्या तुकड्या कामाला लागतात. त्यांचे तंतू संथ, पण दमदार. जोर लागला की मोठ्या तुकड्या येतात. त्या ताकदवान असतात, पण लवकर दमतात. अमेरिकेतले एलवूड हेनेमन यांनी १९५७ मध्ये हा क्रम दाखवून दिला. कोंबडीच्या तंगडीचे मांस गडद आणि छातीचे पांढरे का असते, याचे उत्तरही यातच आहे. तंगडी दिवसभर उभे राहायला आणि चालायला लागते, छाती क्वचित पंख फडफडवायला.

आता थकव्याचा माग काढणारे प्रयोग पाहू. इटलीतल्या तुरिन शहरात अँजेलो मोस्सो नावाचे शरीरशास्त्रज्ञ होते. त्यांनी १८८० च्या दशकात ‘एर्गोग्राफ’ हे यंत्र तयार केले. हात फळीवर बांधायचा, फक्त मधले बोट मोकळे ठेवायचे, त्याला दोरीने वजन अडकवायचे आणि ठरावीक तालावर ते उचलत राहायचे. प्रत्येक उचल फिरत्या कागदावर रेघ काढते. रेघा आखूड होत होत थांबतात. हे यंत्र आपल्याकडच्या वैद्यकीय महाविद्यालयांत पहिल्या वर्षाला अजूनही शिकवले जाते. ऐकणाऱ्यांत कोणी डॉक्टर असतील तर त्यांना आपले दुखरे बोट आठवेल.

मोस्सो यांच्या लक्षात एक विलक्षण गोष्ट आली. त्यांच्या प्राध्यापक सहकाऱ्यांनी विद्यार्थ्यांच्या तोंडी परीक्षा तासन्‌तास घेतल्या, की नंतर त्यांच्या बोटाची शक्ती उतरलेली दिसे. बोटाने तर काहीच काम केलेले नव्हते, दमले होते डोके. १८९१ मध्ये मोस्सो यांनी थकव्यावर पुस्तकच लिहिले. आमच्या प्रयोगशाळेत याची उलटी बाजू दिसते. एखाद्याचे बोट थांबते, तो म्हणतो, ‘बस, संपले.’ तेवढ्यात वर्गातली मुले ओरडायला लागतात, आणि त्याच बोटाने आणखी काही वेळा वजन उचलले जाते! संपलेली ताकद ओरडण्याने कशी परत येईल? मुळात ती संपलेली नव्हती.

मग सगळा थकवा मेंदूतच आहे असे म्हणायचे का? तसेही नाही. १९५४ मध्ये लंडनमध्ये पॅट्रिक मेर्टन यांनी फार सुबक प्रयोग केला. अंगठा तळव्याकडे ओढणारा स्नायू त्यांनी निवडला. माणसाने सगळा जोर लावून अंगठा दाबायचा, आणि त्याच क्षणी मनगटाशी चेतातंतूला विजेचा एक झटका द्यायचा. मेंदू काही हातचे राखून ठेवत असेल, तर झटक्याने जोर आणखी वाढायला हवा. तो वाढला नाही. जोर कमी होत गेला तेव्हाही झटक्याने भर पडली नाही. म्हणजे हुकूम पुरेपूर येत होता, कमी पडत होता तो स्नायू. पुढे त्यांनी रक्तदाब मोजण्याचा पट्टा दंडाला बांधून रक्तप्रवाह बंद केला. पट्टा आवळलेला असेपर्यंत दमलेल्या अंगठ्यात जोर परत येईना. सोडला, की तो काही मिनिटांत येऊ लागला. स्नायूला हवी होती ती रक्ताने आणून दिलेली प्राणवायूची रसद, आणि साचलेला माल वाहून नेणारी वाट.

साचलेला माल म्हटले की लॅक्टिक आम्ल आलेच. १९०७ मध्ये केंब्रिजमध्ये फ्लेचर आणि हॉपकिन्स यांनी दमलेल्या बेडकाच्या स्नायूत ते साठते असे दाखवले, आणि पुढे कितीतरी वर्षे त्याच्यावर आरोप राहिला. परंतु असे बरेच प्रयोग थंड तापमानात ठेवलेल्या स्नायूंवर झालेले होते. १९९० च्या दशकात शरीराच्या उष्णतेजवळ नेऊन तपासले, तेव्हा आम्लाचा परिणाम पुष्कळच कमी निघाला. शिवाय या आम्लातले लॅक्टेट हृदय आणि इतर स्नायू इंधन म्हणून जाळतात, यकृत त्याची पुन्हा साखर करते. व्यायामानंतर साधारण तासाभरात ते पूर्वपदावर येते. त्यामुळे गड चढून उतरल्यावर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी मांड्या दुखतात, त्याचा दोष लॅक्टिक आम्लाला देता येत नाही. ते दुखणे मुख्यतः उतरणीचे असते. उतरताना स्नायू आखडण्याचा प्रयत्न करत असतानाच ताणला जातो, त्याच्या तंतूंना बारीक इजा होतात, आणि त्यांची दुरुस्ती सुरू झाली की दुखते.

स्नायूत खरा अडथळा होतो तो दोन-तीन जागी. जोराच्या कामात ऊर्जा पुरवताना फॉस्फेट मोकळे होते, ते साचले की आकड्यांचा जोर कमी पडतो. कोठारातून सुटणारे कॅल्शियमही कमी होते. आणि प्रत्येक विद्युतलहरीबरोबर तंतूतून थोडे पोटॅशियम बाहेर पडते. लहरींवर लहरी आल्या की ते बाहेर साठते आणि पुढची लहर मंदावते. लांब पल्ल्याच्या कामात आणखी एक गोष्ट येते. स्नायूत साठवलेली साखर, म्हणजे ग्लायकोजेन, दीड-दोन तासांच्या सतत मेहनतीनंतर आटत जाते. मॅरेथॉन धावणाऱ्यांचे पाय शेवटच्या टप्प्यात शिशासारखे जड होतात, त्यामागे हे मोठे कारण असते.

हे सगळे घडताना संदेशांचे काय होते? इथे रेडिओवर सांगण्यासारखी गोष्ट अशी, की स्नायूंचे संदेश चक्क ऐकता येतात. १९२९ मध्ये एडगर एड्रियन आणि डेटलेव्ह ब्राँक यांनी सुईसारखा बारीक इलेक्ट्रोड स्नायूत टोचला आणि त्यातून येणारी वीज ध्वनिवर्धकाला जोडली. एकेका तुकडीचा संदेश ‘टक् टक् टक्’ असा वेगळा ऐकू आला. आजही ई.एम.जी. तपासणीच्या खोलीत हाच आवाज असतो. हात सैल सोडला की शांतता. जरा आवळला की एखादा नळ ठिबकावा तसे टपटपणे. पूर्ण जोर लावला की पत्र्यावर पाऊस.

पिशवीसारखे मध्यम ओझे धरून ठेवलेत, तर हा आवाज हळूहळू वाढत जातो. ओझे तेवढेच, पण काम करणाऱ्या तुकड्या दमू लागतात, म्हणून मज्जारज्जू राखीव तुकड्या बोलावतो. मेंदूला आता त्याच वजनासाठी जास्त हुकूम द्यावा लागतो, आणि हा वाढलेला हुकूमच आपल्याला ‘जड झाले’ असा जाणवतो. मोठ्या तुकड्या आल्या की हाताला कंपही सुटतो. त्याच वेळी आलेखातले तरंग संथ होत जातात, कारण तंतूवरून धावणारी वीज मंदावलेली असते. जर्मनीतले हान्स पायपर यांनी हे १९१२ मध्येच टिपले होते.

सगळा जोर एकदम लावला, तर मात्र वेगळेच दिसते. ब्रेंडा बिगलंड-रिची आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये अंगठ्याच्या याच स्नायूतल्या एकेका तुकडीचे ठोके मोजले. सुरुवातीला सेकंदाला तीसच्या आसपास असलेले ठोके मिनिटभरात जवळजवळ निम्म्यावर आले. हे वाचून वाटते, चेतापेशीच दमली. पण थोडा विचार करा. एका ठोक्याने स्नायू आखडतो आणि सैल पडू लागतो. तो सैल पडण्याआधी दुसरा ठोका आला, तर ओढ सलग राहते. दमलेला स्नायू मुळातच हळू सैल पडतो. त्याला तीस ठोक्यांची गरज उरत नाही, पंधरांतही बरेच भागते. ठोके तसेच चालू राहिले असते, तर पोटॅशियम बाहेर साठून तंतूवरची वीजच अडली असती.

मग मज्जारज्जूला कळते कसे, की ठोके कमी करावेत? १९८६ मध्ये याच गटाने मेर्टन यांचीच युक्ती वापरली. दमलेल्या स्नायूचा रक्तप्रवाह पट्ट्याने रोखून धरला, आणि मोजले. तीन मिनिटे विश्रांती दिली तरी ठोक्यांचा वेग परत वाढेना. पट्टा सोडला तेव्हा तो वाढला. चेतापेशी बसल्या आहेत मज्जारज्जूत. त्यांचा रक्तपुरवठा कोणी अडवलेला नव्हता. अडवलेला होता स्नायूचा. याचा अर्थ, गुदमरलेल्या स्नायूकडून उलटा निरोप वर जात असला पाहिजे. असे निरोप नेणारे बारीक चेतातंतू प्रत्येक स्नायूत असतात. आतली रसायने, उष्णता, ताण यांची खबर ते मज्जारज्जूला आणि मेंदूला देत राहतात.

याच्या पुढची पायरी मेंदूची. डोक्याबाहेर चुंबकीय कुंडली धरून मेंदूला न दुखवता चेतवण्याची पद्धत १९८५ मध्ये इंग्लंडमधल्या शेफील्डला तयार झाली. १९९६ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या सायमन गँडेव्हिया यांच्या गटाने तिचा उपयोग केला. माणूस सगळ्या जोराने कोपर वाकवतो आहे, दमतो आहे, आणि त्याच्या मेंदूला चुंबकाचा झटका दिला जातो. जोर आणखी थोडा वाढला, आणि थकवा वाढेल तशी ही भर मोठी होत गेली. म्हणजे दमलेला मेंदू थोडे हातचे राखू लागतो. मेर्टन यांना स्नायूतला थकवा दिसला, यांना मेंदूतला दिसला. दोघेही बरोबर आहेत; कोणत्या कामात कोणाचा वाटा किती, एवढाच फरक. छोट्या, झटपट जोरात स्नायूचा वाटा अधिक. तासन्‌तास चालणाऱ्या कामात मेंदूचा वाटा वाढत जातो.

हे उलटे निरोप बंदच केले तर? हा प्रश्न २००९ मध्ये मार्कस आमान आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अमेरिकेत विचारला. सराव असलेल्या सायकलपटूंच्या कमरेत, मज्जारज्जूजवळ, त्यांनी फेंटानिल हे वेदनाशामक टोचले. पायांची शक्ती त्याने कमी होत नव्हती. फक्त पायांकडून वर जाणारे निरोप दबत होते. मग त्यांना जागेवरच्या सायकलवर पाच किलोमीटरची शर्यत पूर्ण करायला सांगितले. तक्रार ऐकूच येत नसल्यामुळे ते सुरुवातीला जोरात सुटले. पहिल्या अर्ध्यात नेहमीपेक्षा जास्त जोर लावला. दुसऱ्या अर्ध्यात पाय गळाले. एकूण वेळेत काही फायदा झाला नाही, आणि शेवटी पायांच्या स्नायूंची दमछाक नेहमीपेक्षा कितीतरी जास्त निघाली. काहींना उतरल्यावर धड चालता येईना.

माझ्या मते थकव्याबद्दलचे सगळ्यात मोलाचे उत्तर या प्रयोगात आहे. थकवा ही स्नायू, मज्जारज्जू आणि मेंदू यांच्यात सतत चाललेली बोलणी आहेत. स्नायू आपली स्थिती कळवतो आणि वरून हुकूम आखडता घेतला जातो, म्हणजे स्नायू मोडकळीला येण्याआधी काम थांबावे. ही बोलणी तोडली, तर माणूस जास्त बलवान होत नाही, तो फक्त जास्त खर्च होतो.

प्रयोगशाळेबाहेर याची किंमत जीवघेणी ठरू शकते. १३ जुलै १९६७ या दिवशी ‘टूर द फ्रान्स’ सायकल शर्यतीत टॉम सिम्पसन हा २९ वर्षांचा ब्रिटिश सायकलपटू माँ व्हाँतू डोंगराच्या चढावर कोसळला आणि मरण पावला. ऊन भयंकर होते. त्याच्या शरीरात ॲम्फेटामाईन हे उत्तेजक सापडले. थकव्याची घंटा उत्तेजकाने बंद केली होती, आणि त्यात उष्णतेची भर पडली. पुढच्या वर्षीपासून त्या शर्यतीत उत्तेजकांच्या चाचण्या नियमितपणे होऊ लागल्या.

उष्णतेचा मुद्दा आपल्याला फार जवळचा आहे. २००१ मध्ये कोपनहेगनच्या नायबो आणि निल्सन यांनी दाखवले, की शरीराच्या आतले तापमान ४० अंशांच्या घरात गेले, की दीर्घ जोराच्या कामात मेंदूकडून येणारा हुकूमच ढासळतो. विदर्भातल्या मे महिन्यात रस्त्याचे काम करणारा मजूर बारा वाजता मंदावतो, तेव्हा त्याच्या शरीराने अगदी योग्य निर्णय घेतलेला असतो. मुकादमाने त्याला हाकारणे, किंवा त्याने स्वतःच अंगदुखीची गोळी घेऊन काम रेटणे, हे त्या निर्णयाविरुद्ध जाणे आहे. घामाने पाणी कमी झालेल्या शरीरात अशा गोळ्या मूत्रपिंडालाही घातक ठरू शकतात. उन्हात काम करणारा माणूस असंबद्ध बोलू लागला, अडखळू लागला, तर तो दमला आहे असे समजून बसू नका. त्याला सावलीत आणा, अंगावर पाणी ओता, वारा घाला आणि ताबडतोब दवाखान्यात न्या.

आता ‘आळशी’ या शिक्क्याकडे येते. मेर्टन यांच्या पट्ट्याने रक्त अडवले, की जोर परत येत नव्हता. रक्त वाहते आहे, पण त्यात प्राणवायू वाहून नेणारे हिमोग्लोबिनच कमी आहे, अशा बाईचे काय होत असेल? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रियांना रक्तक्षय आढळला. त्यांच्या स्नायूंकडे रसद अर्धवट पोहोचते. तेवढ्याच कामात राखीव तुकड्या लवकर बोलवाव्या लागतात, तोच हंडा जास्त जड लागतो, दोन जिने चढले की बसावेसे वाटते. घरात तिला ‘हिला काम नको असते’ असे ऐकावे लागते. दोष अनेकदा लोहाच्या कमतरतेचा असतो आणि तो साध्या रक्ततपासणीत कळतो.

काही थकवा साखळीच्या अगदी मधल्या कडीतला असतो. ‘मायस्थेनिया ग्रेव्हिस’ या आजारात शरीराचीच प्रतिकारशक्ती चेतातंतू आणि स्नायू यांच्या भेटीच्या जागेवर हल्ला करते. निरोगी माणसात त्या फटीत संदेश गरजेपेक्षा कितीतरी ताकदीने येतो, म्हणून रोजच्या दमण्यात ही कडी सहसा तुटत नाही. या आजारात ती शिल्लक संपलेली असते. सकाळी ठीक असलेल्या माणसाच्या पापण्या संध्याकाळी मिटू लागतात, एकाचे दोन दिसते, बोलता बोलता आवाज नाकात जातो, घास चावता चावता जबडा दमतो. विश्रांती घेतली की पुन्हा बरे वाटते. मण्यार चावल्यावरही पापण्या मिटतात, कारण तिचे विष याच जागेवर घाव घालते. १९३४ मध्ये लंडनमधल्या मेरी वॉकर या डॉक्टरांनी फायसोस्टिग्मीन हे औषध देऊन या रुग्णांच्या स्नायूंत तात्पुरता जोर परत आणून दाखवला, आणि उपचारांचा रस्ता खुला झाला. आज यावर चांगली औषधे आहेत. पण अशा रुग्णाला ‘मनाचा थकवा आहे’ म्हणून वर्षानुवर्षे परत पाठवले जाण्याचे प्रसंग मी पाहिले आहेत. संध्याकाळी वाढणारा आणि विश्रांतीने ओसरणारा अशक्तपणा दिसला, तर मेंदू आणि चेतासंस्थेच्या डॉक्टरांना जरूर दाखवा. तसेच नेहमीचेच काम आठवडेच्या आठवडे जड लागत असेल, धाप लागत असेल, चेहरा पांढुरका पडत असेल, तर रक्त तपासून घ्या.

निरोगी माणसाने या ज्ञानाचा उपयोग कसा करायचा? पहिली गोष्ट, पूर्ण गळून जाईपर्यंत थांबू नका. दमलेल्या स्नायूचा बराचसा जोर पहिल्या तीन-चार मिनिटांतच परत येतो. म्हणून कामाच्या शेवटी एकच लांब विश्रांती घेण्यापेक्षा मध्ये मध्ये छोटे थांबे घेणे अधिक फायद्याचे. आळंदी-देहूहून पंढरपूरला अडीचशे किलोमीटर चालत जाणाऱ्या पालख्यांच्या वाटेवर विसावे आणि मुक्काम ठरलेले असतात. साठी-सत्तरीतली माणसे ती वाट पार करतात, त्यात या थांब्यांचाही वाटा आहे. दुसरी गोष्ट, पहिल्या मिनिटांत परतलेला जोर म्हणजे पूर्ण दुरुस्ती नव्हे. इंग्लंडमध्ये १९७७ मध्ये दिसून आले, की भारी कामानंतर स्नायू जोराच्या हुकमाला लवकर उत्तर देऊ लागतो, पण हलक्या हुकमाला तो पुढे कित्येक तास, कधी दिवसभरही, नीट उत्तर देत नाही. आदल्या दिवशी घरातले सामान हलवले, की दुसऱ्या दिवशी चहाची किटलीही जड वाटते, ती यामुळे. घरच्यांनी तेव्हा हसू नये. तिसरी गोष्ट वयस्कर मंडळींसाठी. बेताचा, रोजचा जोराचा व्यायाम सुरू केला, की पहिल्या काही आठवड्यांत स्नायू फुगण्याआधीच ताकद वाढते, कारण मेंदू आणि मज्जारज्जू तुकड्या बोलावायला अधिक चांगले शिकतात. सत्तरीतही हे शिकणे चालू असते.

आणि शेवटी, आपल्या घरात किंवा कामावर कोणी ‘मी दमले’ किंवा ‘मी दमलो’ असे म्हणाले, तर आधी ते खरे धरा. किती काम झाले, ऊन किती होते, जेवण आणि झोप झाली का, हे विचारा. बहुतेक वेळा उत्तर तिथेच सापडते. नाही सापडले, तर डॉक्टरांकडे न्या.